एकसष्ट मरणांची वर्गणी

“टेगन, मला कधी मारतेस गं?” ग्लेनिसने बेकरीच्या काउंटरपलीकडून विचारलं. तिच्या चिमट्यात व्हॅनिला स्लाइस तशीच लोंबकळत होती.

“बुधवारी,” टेगन म्हणाली. “आधी दातांच्या डॉक्टरला चावून खायचंय. तो संपला की लगेच तू.”

“पण जाळणार ना? मी जाळायचंच सांगितलं होतं हं. माझ्या बहिणीला तू नुसतं कड्यावरून ढकललंस, ती अजून फुगून बसलीये.”

“जाळते गं बाई. सावकाश जाळते. आधी केस, मग ॲप्रन.”

“केस नको! परवाच रंगवलेत.”

रांगेत मागे मेलबर्नहून आलेलं एक नवरा-बायकोचं जोडपं उभं होतं. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, हातातले सॉसेज रोल हळूच परत ठेवले आणि गाडीत बसून आधी दारं लावून घेतली. ग्लेनिसला त्याचं काही वाटलं नाही. तिने स्लाइस पिशवीत घातली आणि केसांच्या बाबतीत पुन्हा एकदा बजावलं.

त्या हिवाळ्यात पेंग्विन नावाच्या त्या छोट्या गावात अशी बोलणी रोजचीच झाली होती. पोस्टात, पेट्रोलपंपावर, गावाच्या नावाखातर समुद्राकाठी उभारलेल्या अवाढव्य सिमेंटी पेंग्विनपाशी, जिथे गाठ पडेल तिथे लोक टेगन ट्रेलोरला अडवायचे आणि आपापल्या मरणाची चौकशी करायचे. कुणी लाजत, कुणी हक्काने. आणि टेगन, जिला अकरा वर्षांत कुणी रस्त्यात थांबवून ‘काय काढतेस सध्या?’ एवढंही विचारलं नव्हतं, ती अगदी हवेत तरंगत घरी जायची.

कारण चित्रकथा काढणं हा धंदाच असा की तो करणाऱ्याशिवाय कुणाला कळत नाही. टेगनच्या आईला तर शेवटपर्यंत कळला नाही.

“मुलांसाठी काढतेस का?”

“नाही, आई.”

“म्हणजे मोठ्यांसाठी? अगं बाई, तसलं काही नाही ना?”

“तसलंही नाही.”

“मग कुणासाठी काढतेस तरी?”

याचं खरं उत्तर ‘मॉरीनसाठी’ असं होतं, पण ते आईला सांगण्यासारखं नव्हतं. मॉरीन ही ड्रॅगन होती. डोंगराएवढी, शेपटीने गलबतं उलथवणारी, आणि स्वभावाने अतिशय पित्तप्रकोपी. पहिल्या अंकाच्या वेळी तिला भयंकर नाव काही सुचेना, तेव्हा खिडकीत झोपलेल्या मांजरीचं नाव टेगनने तिला देऊन टाकलं. गोष्टीत मॉरीनच्या समोर होती इस्का नावाची एक नावाडी मुलगी. तिच्याकडे तलवार नव्हती, नुसतं वल्हं होतं. दोघी अकरा वर्षं भांडत होत्या आणि भांडता भांडता एकमेकींशिवाय करमेनाशा झाल्या होत्या.

एकदा सिडनीच्या एका प्रकाशकाने कौतुकाने बोलावलं. चहा पाजला. सगळं छान आहे म्हणाला, फक्त ड्रॅगनचं नाव बदला, मॉरीन म्हटलं की मला माझी मावशी आठवते. टेगन म्हणाली, “तेच तर.” आणि परतीच्या विमानात बसली. तेव्हापासून ती स्वतःच काढायची, स्वतःच छापून घ्यायची आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर स्वतःच स्टेपल करायची. आठवड्यातले तीन दिवस जनावरांच्या डॉक्टरकडे फोन उचलायची, उरलेले दिवस मॉरीनचे. मॉरीनचं रागाचं तोंड हे तिथे नखं कापून घेणाऱ्या एका पूडल कुत्र्याचं होतं, आणि त्या पूडलच्या मालकिणीला त्याचा पत्ता नव्हता. रविवारच्या बाजारात टेगनची मांडणी एका बाजूला जॅमवाली आणि दुसऱ्या बाजूला किटलीला लोकरी टोप्या विणणारी, यांच्या मधे असे. लोक यायचे, अंक उचलायचे, ‘किती मेहनत!’ म्हणायचे आणि जॅम घेऊन जायचे.

मग आला शेवटचा अंक. तो नीट, जाड कागदावर, शिलाई-बांधणीचा हवा म्हणून तिने ऑनलाइन वर्गणी काढली. स्वतःच्या जिवावर चित्रकथा काढणाऱ्यांत एक जुनी रीत आहे. जो सगळ्यात वरच्या दराची वर्गणी देईल त्याचं तोंड गोष्टीत घ्यायचं आणि त्याला झकासपैकी मारून टाकायचं. लोकांना ते फार आवडतं. जगायला मिळतं तितकं मिळतंच, पण ड्रॅगनच्या तोंडी कोण देतं? मात्र शहाणा चित्रकार अशी मरणं चार-पाचच ठेवतो. त्यासाठी वर्गणीच्या ऑनलाइन फॉर्मवर एक चौकोन असतो, त्यात आकडा भरायचा. टेगन तिथवर पोचली आणि किटली शिट्टी मारायला लागली. ती उठली, चहा केला, परत येऊन त्याच्या खालच्या चौकोनापासून भरायला लागली.

रिकामा चौकोन म्हणजे हवी तितकी मरणं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पहिल्या दिवशी सहा जण मरायला तयार झाले तेव्हा टेगन नाचली. दुसऱ्या दिवशी फुटबॉल क्लबच्या प्रशिक्षकाने खेळाडूंना हंगामाची भेट म्हणून अख्ख्या संघाची, म्हणजे तिकडच्या फुटबॉलप्रमाणे अठरा मरणं एकदम उचलली, तेव्हा ती खुर्चीत बसली. वर्गणी बंद झाली तेव्हा एकसष्ट माणसं मरणाची वाट बघत होती, आणि त्यांतली निम्म्याहून जास्त तिच्या गल्लीपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहत होती.

होबार्टची एक चित्रकार मैत्रीण फोनवर किंचाळली, “वेडी आहेस का? माफी माग, पैसे परत कर!”

“जमणार नाही,” टेगन म्हणाली. “मीच खाली लिहून ठेवलंय. पैसे परत मिळणार नाहीत, मेलेला माणूसही परत येत नाही.”

“ती गंमत होती!”

“हो, पण लोकांनी खरी मानलीये. आता मारायलाच हवं.”

आणि तिने मारायला सुरुवात केली. चित्रकथेची पानं वाढवायची तर चारच्या पटीतच वाढतात, म्हणून बत्तिसाची छत्तीस झाली, मग चाळीस, मग अठ्ठेचाळीस. सकाळी उठून निळ्या पेन्सिलीने माणूस उभा करायचा, चहा घ्यायचा, ब्रश शाईत बुडवून त्याचा निकाल लावायचा. दातांच्या डॉक्टरला मॉरीनने दाढेखाली धरलं आणि तो शेवटच्या क्षणी ‘इथे कीड आहे’ असं सांगत गेला. प्लंबर भावांना एकत्र मरायचं होतं, पण एकमेकांच्या अंगावर नको, म्हणून दोन नाकपुड्यांतून दोघे उडाले. लिअ‍ॅन नावाच्या बाईने घटस्फोट दिलेल्या नवऱ्याचं मरण विकत घेतलं होतं. ‘घाई करू नकोस, वेळ लागू दे’ अशी तिची सूचना. टेगनने त्याला तीन चौकटींत शेकवलं. तो स्वतः बघायला आला आणि एवढा खूष झाला की मूळ पान मागून घेऊन त्याने बैठकीत लावलं. आता लिअ‍ॅनच चिडली.

फुटबॉल संघाचं काम तिला सोपं वाटलं होतं. शेपटीचा एक फटका, अठरा खलास. पण खेळाडू सरावानंतर चिखलाचे बूट घेऊन तिच्या अंगणात जमले.

“माझं तोंड दिसत नाहीये,” फुल-फॉरवर्ड, म्हणजे संघाचा मुख्य गोल मारणारा, म्हणाला. तो सहा फूट चार इंचांचा होता आणि ओठ बाहेर काढून उभा होता.

“तुझा पाय दिसतोय ना?”

“पाय कुणाचाही असू शकतो! मी हंगामात चाळीस गोल केलेत. आणि या रकमनला बघ, नुसता चेंडूसाठी उड्या मारतो, गोल एकही नाही, आणि त्याचं तोंड केवढं!”

“माझं तोंडच तेवढं आहे,” रकमन नम्रपणे म्हणाला.

शेवटी अठरा तोंडं काढावी लागली. फुल-फॉरवर्डचं जरा जास्त. त्या पानाला आठवडा गेला, पण टेगन ते काढताना इतकी हसली की शाई सांडून एक खेळाडू दोनदा मेला.

ज्याचं करावं बरं तो म्हणतो माझंच खरं, हे ती रोज अनुभवत होती, तरी तिला आयुष्यात इतकं सुख कधी झालं नव्हतं. एवढी माणसं! आणि सगळी मॉरीनवर नाराज, म्हणजे सगळी मॉरीनला ओळखणारी!

साठ जणांचं हे असं चाललं होतं. एकसष्टावा होता क्लेम पर्टन.

क्लेम समोरच्या घरात राहायचा. वय ऐंशीच्या पुढे, बायको गेलेली, मुलगी रोझलिन जवळच्या बर्नी शहरात. लॉन बोल्सच्या, म्हणजे हिरवळीवर चेंडू घरंगळवायच्या खेळाच्या, क्लबात त्याच्याशी कुणी वाद घालत नसे, कारण तो संपतच नसे. टेगनचा तो पहिला वाचक. ती पहिला अंक वाचनालयाच्या मशीनवर छापत होती आणि मागे क्लेम क्लबाच्या सामन्यांचा तक्ता घेऊन ताटकळत उभा होता. कंटाळून त्याने टोपलीतलं एक बिघडलेलं पान उचललं, चष्मा लावला, वाचलं. मग दुसरं उचललं. टोपली संपल्यावर त्याने टेगनच्या खांद्यावर टकटक केली.

“मग पुढे?”

“म्हणजे?”

“ही मुलगी होडीत बसली. पाण्याखाली काहीतरी मोठं आहे. मग पुढे?”

“पुढचं अजून काढलं नाहीये.”

“मग इथे काय करतेस? जा, काढ!”

टेगनला हा प्रश्न तोपर्यंत कुणी विचारला नव्हता. ती तशीच घरी गेली आणि काढायला बसली. तेव्हापासून दर अंकानंतर क्लेम कुंपणापाशी येई, आधी चुका सांगे आणि मग तोच प्रश्न विचारे. “नवव्या पानावरच्या घोड्याला पाच पाय आहेत.” ती धावत जाऊन बघे. पाच असत. “बाकी बरं आहे. मग पुढे?”

जुलैमधल्या, म्हणजे तिकडच्या ऐन थंडीतल्या, एका झोंबऱ्या सकाळी तो कुंपणाला टेकून उभा राहिला. नेहमी टेकायचा नाही.

“माझी पाळी कधी?”

“तूच सांग. कसं मरायचंय?”

“ते तुझं तू बघ. पण जरा हात उचल. डॉक्टर म्हणतो, हृदय गवत कापायच्या जुन्या मशीनसारखं झालंय. तिसऱ्या झटक्याला सुरू होतं. एक दिवस व्हायचं नाही.”

टेगनच्या हातातला कप थांबला. “क्लेम.”

“तोंड पाडू नकोस. चित्रातलं मरण आधी बघायचंय मला, खरं नंतर. तू मागे पडलीस तर मी पुढे जाईन, एवढंच.”

“मग आजच तुला घेते! दहाव्या पानावर जागा आहे.”

“दहाव्या पानावर?” क्लेम एकदम ताठ झाला. “अकरा वर्षं वाचतोय मी. दहाव्या पानावर मेलो तर शेवट कोण बघणार? मला शेवटी मार. सगळ्यांच्या नंतर. मॉरीनचं काय होतं ते बघतो आणि मग खुशाल मरतो.”

इथेच घोडं अडलं. कारण शेवटचं पान टेगनने पहिल्याच वर्षी ठरवून ठेवलं होतं. त्याचा हातभर कच्चा आराखडा अकरा वर्षं तिच्या टेबलावर टाचलेला होता. समुद्रावरचा उंच कडा. मॉरीन मरते आहे. तिचं डोकं इस्काच्या मांडीवर. बाकी चिटपाखरू नाही. त्या पानासाठी तर सगळं केलं होतं. जॅमवालीच्या शेजारी उन्हापावसात बसणं, सिडनीचा चहा, सगळं.

“त्या पानावर कुणी नसतं, क्लेम,” ती म्हणाली.

“कोपऱ्यात ठेव. मला काय लागतं?”

“नाही. ते पान माझं आहे.”

“माझंही थोडं आहे, पोरी,” असं म्हणून क्लेम घरात गेला. त्यानंतर तो कुंपणापाशी आला नाही. टेगनला वाईट वाटलं आणि रागही आला. वाचकाला बोट दिलं की तो हात धरतो, असं तिने मनाशी दहा वेळा म्हटलं आणि रकमनचं तोंड खोडून पुन्हा काढलं.

ऑगस्टच्या शेवटी क्लेमच्या दाराशी रुग्णवाहिका येऊन गेली. तो बर्नीच्या इस्पितळात आहे हे ग्लेनिसने सांगितलं. त्या दिवशी पहिल्यांदाच बेकरीत मरणाचा विषय निघाला नाही. ग्लेनिसने न मागता दोन स्लाइस बांधून दिल्या.

साठ मेले होते. छपाईची तारीख तोंडावर आली होती. उरले होते ते क्लेम आणि शेवटचं पान. टेगनने जनावरांच्या डॉक्टरकडून सुट्टी घेतली आणि टेबलाशी बसली. पान माझं आहे, माझं आहे, असं ती पुटपुटत होती, पण आता त्याला काही जोर नव्हता. त्याच्या आधीच्या पानावर ती क्लेमला मारणार होती. चांगलं, मोठं, एकट्याचं मरण.

तिने त्याला मॉरीनच्या जबड्यात ठेवलं. जबड्यातून तो बाहेर बघत होता आणि त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं की दातांची संख्या चुकली आहे. तिने खोडलं. ज्वाळेत ठेवला. ज्वाळेत तो हात शेकत बसल्यासारखा दिसायला लागला. खोडलं. शेपटीखाली, लाटेखाली, दगडाखाली. साठ माणसं हसत हसत मारलेला तिचा हात या एका म्हाताऱ्यापाशी ऐकेना. काहीही करा, तो बेटा मरतच नव्हता. निळ्या पेन्सिलीचं बोटाएवढं थोटूक उरलं आणि टेगन टेबलावर डोकं ठेवून रडली. तिला क्लेम मरायला नको होता. चित्रात नको आणि बर्नीतही नको. इतकी साधी गोष्ट होती आणि ती लक्षात यायला तिने आठ कागद वाया घालवले होते.

डोकं वर केलं तेव्हा समोर तो जबड्याचाच कागद होता. तिने पाहिलं. मॉरीनचं तोंड वाकडं झालं होतं, पूडलला औषध पाजताना होतं तसं.

“थुंकून टाक मग,” टेगन मॉरीनला म्हणाली.

आणि मॉरीनने थुंकून टाकला. पुढच्या चौकटीत क्लेम घरंगळत गेला, पुढच्यात गवतातून चष्मा शोधत उठला. आता टेगनचा हात थांबेना. तिने टेबलावरचा अकरा वर्षांचा आराखडा काढला, उलटा ठेवला आणि नवा कागद घेतला. कडा तोच. मॉरीन मरते आहे, डोकं इस्काच्या मांडीवर, इस्काचा चेहरा भिजलेला. आणि त्यांच्या शेजारी, अगदी कोपऱ्यात नव्हे, चांगला मधोमध, एक म्हातारा घडीची खुर्ची टाकून बसला आहे. थर्मासमधून चहा ओतून त्याने कप इस्काच्या पुढे धरला आहे, आणि तो विचारतो आहे, “मग पुढे?”

टेगन रडत होती आणि हसत होती, आणि दोन्हींचे थेंब शाईत पडू नयेत म्हणून मान लांब ठेवून काढत होती.

शाई वाळताच ते पान दोन पुठ्ठ्यांत घालून तिने बर्नीला नेलं. क्लेम उशांना टेकून बसला होता, जरा लहान झाल्यासारखा. रोझलिन शेजारी होती.

“बोलत नाहीये मी तुझ्याशी,” क्लेम म्हणाला.

“मग बघ नुसतं.”

त्याने चष्मा लावला. पान या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत बघितलं. मॉरीनच्या डोळ्यावरून त्याने बोट फिरवलं, कागदाला न लागेल असं.

“गेली म्हणजे,” तो म्हणाला.

“हो.”

“चांगली गेली.” मग त्याचं बोट खुर्चीपाशी आलं. “हा मी?”

“तू.”

“मी मेलो नाही.”

“नाही. मॉरीनने थुंकून टाकलं. चिवट आहेस.”

“पण मी मरायचे पैसे दिलेत!” क्लेमचा आवाज चढला. “बाकी सगळ्यांना मारलंस! त्या फुटबॉलवाल्या ठोंब्यांना मारलंस! मी एकटा काय घोडं मारलंय तुझं? पैसे परत कर.”

“पैसे परत मिळणार नाहीत. खाली लिहिलं होतं.”

“ही फसवणूक आहे! रोझलिन, तू साक्षीदार!”

रोझलिन हसत होती, मग टेगन, आणि मग क्लेम स्वतःच असा खदखदून हसायला लागला की यंत्र टीं-टीं करायला लागलं आणि नर्स धावत आली. तिने तिघांनाही झापलं. ती गेल्यावर क्लेमने डोळे पुसले आणि पान पुन्हा जवळ घेतलं.

“खुर्चीला तीनच पाय आहेत,” तो म्हणाला.

टेगनने पाहिलं. तीनच होते. तिने पर्समधून पेन काढलं आणि इस्पितळाच्या जेवणाच्या ट्रेवर पान ठेवून चौथा पाय काढला. क्लेमने तो बारकाईने तपासला.

“आता बसेन,” तो म्हणाला.

पुस्तक ऑक्टोबरमध्ये आलं. प्रकाशन फुटबॉल क्लबच्या हॉलमध्ये ठेवलं होतं. बाहेर सॉसेज भाजले जात होते. गावातल्या बायकांनी समुद्राकाठच्या सिमेंटी पेंग्विनला आदल्या दिवशीच हिरव्या कापडाचे पंख आणि ड्रॅगनची शेपटी शिवून घातली होती. शेपटी वाऱ्याने दोनदा रस्त्यावर गेली आणि एका ट्रकवाल्याने ती आणून दिली. चित्रकथावाल्यांत रीत अशी की ज्याला मारलं त्याच्या मरणाच्याच चौकटीवर सही करायची. टेबलासमोर साठ मेलेल्यांची रांग लागली होती, आणि इतकी आनंदी, इतकी भांडकुदळ रांग त्या हॉलने बघितली नव्हती. ग्लेनिस आपले न जळलेले केस सगळ्यांना दाखवत होती. डॉक्टर कीड दाखवत होता. लिअ‍ॅन आणि तिचा शेकलेला माजी नवरा एकाच पुस्तकात डोकं घालून हसत होते, आणि त्यांच्याकडे बघून निम्मी रांग खुसखुसत होती. टेगन प्रत्येकाला लिहून देत होती, ‘तुला मारताना फार मजा आली.’ तिचे गाल दुखायला लागले होते.

साठ जण पुस्तकात मेले होते आणि सगळे हजर होते. पुस्तकात जिवंत राहिलेला एकटाच काय तो आला नव्हता. त्याचं मशीन एका सकाळी तिसऱ्या झटक्यालाही सुरू झालं नाही. छापलेली पहिली प्रत मात्र त्याच्यापर्यंत पोचली होती. रोझलिनने सांगितलं की त्याने ती दोनदा वाचली आणि एकोणिसाव्या पानावर कुणाला तरी सहा बोटं आहेत असं शोधून काढलं.

रोझलिन रांगेतच उभी होती, पाळी आल्यावर पुढे आली. तिने तीच प्रत टेबलावर ठेवली. कोपरे जरा मऊ झालेले.

“बाबांनी दोनदा बजावलंय,” ती म्हणाली. “म्हणाले, प्रकाशनाला गेलीस की आधी पैसे परत माग. लाजू नकोस, म्हणाले.”

टेगनने शेवटचं पान उघडलं. चार पायांची खुर्ची, थर्मास, पुढे केलेला कप. तिने पेनाचं टोपण काढलं. मग चौकटीच्या खाली, सगळ्यांना लिहिलं त्यापेक्षा मोठ्या अक्षरात लिहिलं:

‘पैसे परत मिळणार नाहीत. — मॉरीन.’

रोझलिनने वाचलं आणि तिचा बांध फुटला. ती हसत होती की रडत होती ते तिचं तिलाच कळत नव्हतं. टेगन टेबलाला वळसा घालून आली आणि तिने तिला घट्ट मिठी मारली. दोघी तशाच हलत, हुंदके देत आणि फिदीफिदी हसत उभ्या राहिल्या. रांग थबकली.

मागून फुल-फॉरवर्डने मान उंच करून पाहिलं. त्याला काही कळलं नव्हतं, आणि हातातला सॉसेज गार होत होता.

“अहो, जरा सरका की पुढे,” तो ओरडला. “आम्ही केव्हाचे मेलोय इथे!”